चार थरांचा गुंड

आमच्या घराण्याची अब्रू पाणी भरायच्या एका पितळी गुंडाच्या पोटावर चार थरांत लिहिलेली आहे, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळले. एकट्याला कळले असते तर मी ते कोणाला सांगितलेही नसते. पण त्या वेळी तिथे दीडशे माणसे हजर होती आणि गुंड घराएवढा झालेला होता!

सावकाश सांगतो. (मी सगळेच सावकाश करतो. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो, आणि सरांकडून पुस्तक मिळेपर्यंत परीक्षा होऊन जाते, अशी मुलांची कायमची तक्रार असे.) मी निवृत्त झालो आणि वर्षभरात माझी पत्नी सुमित्रा गेली. या गोष्टीच्या वेळी त्याला दोन वर्षे होत आली होती. घरात मी होतो, माझी पुस्तके होती आणि मांडणीवरची तिची भांडी होती. आमच्यापैकी कोणीच फारसे बोलत नसे.

बोलायची ती माझी मुलगी, मैत्री. ती कॉम्प्युटरवर खोट्या जागा तयार करते. डोळ्यांवर एक डबा बांधायचा, की माणूस खुर्चीत बसल्या बसल्या दुसरीकडेच जाऊन उभा राहतो. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती लोकांना असे अजून न बांधलेले फ्लॅट दाखवत असे. (पूर्वी या कामाला नुसती जीभ पुरायची.) आई गेल्यावर कंपनीने तिला घरून काम करू दिले. आता मात्र त्यांनी कळवले होते, की येत्या सोमवारी पुण्यात हजर व्हा.

त्याच्या आधीच्या शनिवारी भंडाऱ्यात एक मेळावा होता. जिल्ह्यात लोकांनी फिरायला यावे आणि जाताना काही विकत घेऊन जावे, यासाठी काय काय करता येईल ते तिथे मांडायचे होते. त्यातला एक प्रकल्प निवडून त्याचे गावात कायमचे केंद्र करणार होते, आणि ते उभारण्याचे दोन वर्षांचे काम त्याच माणसाला मिळणार होते. मैत्रीने अर्ज केला होता.

"मिळालं तर मी इथंच राहीन, बाबा," ती चहा पिता पिता म्हणाली. "नाही मिळालं तर सोमवारी पुणे."

"बरं," मी म्हणालो.

मला म्हणायचे होते, जाऊ नकोस. ते वाक्य मी मनात जुळवले, तपासले, त्यात दोन दुरुस्त्या केल्या, आणि मान वर केली तेव्हा ती कप घेऊन आत गेलेली होती.

तर मैत्रीने एक खोटे भंडारा बनवले. डबा लावला की माणूस कारध्याजवळ वैनगंगेच्या काठावर उभा राही. तिथून चार पावले टाकली की पवनीच्या किल्ल्याचा दरवाजा, आणि दरवाजातून आत गेले की बाजार. (खऱ्या आयुष्यात या चार पावलांना बसने तास-दीड तास लागतो.) बाजारात कोसा रेशमाच्या साड्या, तांदूळ आणि पितळी भांड्यांचे दुकान. भांडे हातात घ्यायचे, फिरवून पाहायचे, लहान-मोठे करायचे आणि आवडले तर तिथेच मागवायचे. मग इथला खरा कारागीर खरे भांडे घरपोच पाठवणार.

"एखादा वाघ टाक ना," मी सुचवले.

"बाबा, वाघ सगळेच टाकणार आहेत."

तिचे खरे होते. शिवाय गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मोठे जंगल तिकडे गेले आणि भांडी इकडे राहिली. (काही वाघांना ही वाटणी अजून कळवलेली नाही, ते इकडेही येतात.)

अडचण भांड्यांनीच आणली. भांडे फिरत्या पाटावर ठेवायचे, चारी बाजूंनी दोनशे फोटो काढायचे आणि त्यावरून कॉम्प्युटर हुबेहूब भांडे बनवणार, असे ते तंत्र होते. पण दुकानातून आणलेली नवी भांडी इतकी चकचकीत, की फोटोत भांडे न येता मैत्रीचे नाक आणि वरचा पंखा येई. त्यातून जो लोटा तयार झाला तो उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा दिसत होता.

"जुनी, मळकट भांडी पाहिजेत," ती म्हणाली. मग मांडणीकडे पाहून, "आईची घेऊ?"

"घे."

मला फार बरे वाटले. सुमित्राची भांडी आता सगळा जिल्हा पाहणार! त्या भरात दुसऱ्या दिवशी मैत्री बाहेर गेली असताना मी मांडणीवरची सोळाच्या सोळा भांडी खाली काढली आणि दुपारभर चिंच लावून घासली. ती आली तेव्हा अंगणात सोळा आरसे ठेवलेले होते.

"बाबा!" ती दारातच मटकन बसली. "मले चमकच तं नको होती! अशी कशी घासली तुम्ही? आता पावडर मारावी लागेल सगळ्यांवर."

अपराध माझा, तेव्हा पावडर मी आणली. सुमित्राचा पावडरचा डबा कपाटात होता तसाच होता, दोन वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. मी तो उघडला, आणि थोडा वेळ नुसताच धरून उभा राहिलो. मग दाढीच्या ब्रशाने प्रत्येक भांड्यावर पावडर लावली आणि कापडाने हलकेच पुसून काढली. चमक गेली. फोटो झकास आले. मी स्वतःवर खूश होतो. भांड्याच्या पृष्ठभागावर जिथे जिथे खाच होती तिथे तिथे पावडर भरून बसली आहे, हे माझ्या लक्षातच आले नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्याकडे लग्नात, गृहप्रवेशाला, बारशाला भांडे देतात आणि देण्याआधी दुकानातल्या मशीनवर त्यावर नाव टाकून घेतात. कोणी, कोणाला, कशासाठी दिले, सगळे भांड्याच्या पोटावर. आता एका घरात गुंड असून असून किती असणार? म्हणून जास्तीचे भांडे 'फिरवतात'. नाव घासून काढायचे, त्याच जागेवर नवे नाव टाकायचे आणि पुढच्या लग्नाला जायचे. हे सगळेच करतात, आणि आपल्या घरी कधीच झाले नाही असे सगळेच सांगतात. आमच्या घरी कोणते भांडे ठेवायचे आणि कोणते फिरवायचे हे सुमित्रा ठरवी. घासण्याचे काम माझ्याकडे असे. पॉलिश पेपरचा तुकडा माझ्या हातात देऊन ती दरवेळी बजावी, "ते पुस्तक ठेवा खाली अगोदर." मी ठेवत असे. ती आत गेली की पुन्हा उचलत असे.

शनिवार उजाडला. मैदानावर मांडव, मांडवात एका ओळीत पाच-सहा दालने. दोन दालनांत वाघ होते, एकात धबधबा. आमच्या शेजारी शेतीवाल्यांचे दालन होते आणि त्यांच्या टीव्हीवर भाताच्या रोवणीच्या यंत्राची फिल्म चालू होती. आमच्याकडे एक टेबल, एक खुर्ची, एक कूलर आणि एक मोठा टीव्ही. डबा लावलेल्या माणसाला आत जे दिसेल ते बाहेरच्यांना टीव्हीवर दिसायचे, आणि हातात घेतलेले भांडे दुसरे घेईपर्यंत टीव्हीवर तसेच राहायचे.

गर्दी असावी म्हणून मी नातेवाईक बोलावले होते. (असले निर्णय मी का घेतो, कळत नाही.) पहिली आली शेवंताताई, माझी थोरली बहीण. ती कोंढ्याला असते, शेती पाहते. वयाने माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे आणि आवाजाने सतरा. मैत्रीने तिच्या डोळ्यांवर डबा चढवला आणि ताईने दोन्ही हातांनी लुगडे घोट्याच्या वर उचलले.

"यशवंता, पाणी आहे गा अठी!"

"ताई, ती खोटी नदी आहे."

"खोटी असंल, पण गार लागून राहिली ना पायाले!"

मी कूलरचे तोंड दुसरीकडे वळवले. नदी ओसरली. ताई धीर करून पवनीच्या दरवाजातून आत गेली, बाजारात पोचली आणि दुकानदार दिसत नाही म्हणून रागावून परत आली. "बसाले म्हणत नाही का कोणी?" डबा काढत ती म्हणाली. "असं कसं दुकान तुहं, पोरी? गिऱ्हाईक आलं तं पाणी तं विचारावं."

तेवढ्यात देवानंद आला. हा सुमित्राचा धाकटा भाऊ. लाखनीला हायवेवर त्याचे टायरचे दुकान आहे. ट्रकांच्या वर आवाज काढता काढता त्याचा आवाज तसाच राहून गेला आहे, त्यामुळे तो गुपितसुद्धा चौकाला सांगतो.

"आणा, भाऊजी, मी पायतो!" म्हणत त्याने डबा लावला. नदी, दरवाजा यांच्याकडे ढुंकूनही न पाहता तो थेट भांड्यांच्या दुकानात घुसला, आणि ओरडला, "अरे बाप्पा! हा तं माह्या गुंड! माह्या ताईच्या अन् भाऊजीच्या लग्नाले पंचवीस वर्षं झाली, तवा मी देल्ला होता! मैत्री, याच्यावर माह्यं नाव आहे वं. मोठं करून दाखव लोकायले!"

"दोन्ही हातांनी धरा आणि हात बाहेर न्या, मामाजी. थोडंसंच."

'थोडंसंच' हा शब्द टायरच्या धंद्यात नसावा. देवानंदने दोन्ही हात खांद्यातून निखळतील एवढे फाकवले. गुंड फुगला. टीव्हीभर झाला, मग टीव्हीत मावेना. त्यावरची अक्षरे रस्त्यावरच्या पाटीएवढी झाली. 'सुमित्राताई व भाऊजी यांना लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त सप्रेम, देवानंद, लाखनी.'

"वाचा! वाचा!" देवानंद म्हणाला.

लोक वाचत होते. मैत्री मात्र वाचत नव्हती. ती माझ्या कानाशी आली. "बाबा, त्या अक्षरांच्या मागे पांढरं काय दिसून राहिलं?"

"पावडर असेल."

"पावडर कशात बसली आहे?"

तोवर ताईने चष्मा लावला होता आणि ती टीव्हीला नाक लावून एकेक अक्षर जोडत होती. "आयु... प्रिया... हिच्या... मंगल परिणया... शेवंताबाई... कोंढा." तिने चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"देवानंदा! हे तं माह्यं नाव आहे! तुह्या पोरीच्या लग्नात मी देल्लेला गुंड घासून तू अठी आणून देल्ला?"

देवानंदच्या डोळ्यांवर डबा होता. त्याला ताई दिसत नव्हती, पवनीचा बाजार दिसत होता. त्याने घाईघाईने वळून मांडवाच्या खांबापुढे हात जोडले. "ताईजी, रागावू नोका! प्रियाच्या लग्नात नऊ गुंड आले! एकटी पोरगी नऊ गुंडात पाणी भरते का? दोन घेऊन गेली ते, बाकीचे माह्या घरी पडून होते!"

"माह्या देल्लेला पडून होता?"

"पडून म्हणजे... जपून होता!" खांबाला त्याने सांगितले.

आवाजाने माणसे जमू लागली. आणि नेमक्या याच वेळी निवड करणाऱ्या मॅडम हातात वही घेऊन आमच्या दालनात शिरल्या. त्या बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या, बोलणे मोजके. मैत्रीचा चेहरा पांढरा पडला. मॅडमनी ताईकडे पाहिले, खांबाशी बोलणाऱ्या देवानंदकडे पाहिले, मग टीव्हीकडे पाहिले आणि त्या तिथेच खिळून राहिल्या.

"त्याच्याही खाली काहीतरी आहे," त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या. "'आयु. राहुल यांच्या मंगल परिणयानिमित्त; मामा व मामी यांजकडून, भंडारा.' गुंडावर अर्धविराम?"

भंडारा जिल्ह्यात गुंडावर अर्धविराम घालून घेणारा माणूस एकच आहे. सगळे नातेवाईक माझ्याकडे वळले. राहुल हा ताईचा मुलगा, आणि त्याच्या लग्नात हा गुंड आम्ही दिला होता.

"असं आहे का!" देवानंदने डबा वर सरकवला. त्याच्या आवाजात नवा जोम आला होता. "म्हणजे शेवंताबाईनं भाऊजीचा गुंड मले चिपकवला!"

"चिपकवला म्हणू नको!" ताई कडाडली. "चांगला नारळाच्या शेंडीनं घासून, नवं नाव टाकून देल्ला! मान होता तुहा म्हणून देल्ला!"

आता पाहा, त्या क्षणी त्या मांडवात सर्वांत स्वच्छ माणूस मी होतो. माझा गुंड ताईने फिरवला, ताईचा देवानंदने. मी तर नुसता देणारा. मी छातीवर हात ठेवून, अत्यंत दुखावलेल्या आवाजात म्हणालो, "ताई, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

आणि हात छातीवर असतानाच मला आठवले, की तो गुंड माझ्याकडे कुठून आला होता.

"अजून एक थर आहे वाटतं," मॅडम म्हणाल्या.

मी आयुष्यात केलेले एकमेव धाडस यानंतरचे. मी टेबलाखाली वाकलो, समोर दिसली ती वायर धरली आणि सगळा जोर लावून ओढली. टीव्ही खाडकन बंद झाला. शेजारचा! रोवणीचे यंत्र भातशेताच्या अर्ध्या बांधीत थांबले. ती फिल्म पाहत बसलेले पन्नास-साठ शेतकरी क्षणभर काळ्या पडद्याकडे पाहत राहिले, मग उठले आणि आमच्याकडे आले.

"काय चालू आहे गा अठी?"

"गुंड वाचून राहिले."

"कोणाचा?"

"सगळ्यायचाच दिसते."

मी टेबलाखालून बाहेर आलो तेव्हा दीडशे माणसे, त्यांत मॅडमही, एका सुरात वाचत होती. "गृह... प्रवेशा... निमित्त... सुमित्राताईस... दे... वा... नंद!"

देवानंदचे ओठ हलत होते. तो बोटांवर हिशेब लावत होता.

"थांबा. मी गुंड देल्ला भाऊजीले. भाऊजीनं देल्ला शेवंताबाईले. शेवंताबाईनं देल्ला मले. अन् मी पुन्हा..." तो थांबला. "मी माह्याच गुंड दोनदा देल्ला?"

"अन् तुले समजला नाही?" ताईने विचारले.

"तुम्हाले समजला होता का?"

सर्वांत विचित्र गोष्ट ही, की सर्वांत जुना थर सर्वांत स्पष्ट दिसत होता. वरचे दोन पुसट, हा मात्र ठसठशीत. तो घासणारा मी. त्या दिवशी माझ्या डाव्या हातात एक रहस्यकथा होती. जिथे कथा रेंगाळली तिथली अक्षरे साफ गेली होती. खून झाला तिथे हात थबकला आणि 'सुमित्राताईस' राहिले. खुनी सापडला तिथे तर संपूर्ण 'देवानंद' शाबूत होता!

"हे काय घासणं आहे, यशवंता?" ताईला आता फसवणुकीपेक्षा या कामचुकारपणाचा राग आला होता. "माह्यं पाय, किती साफ घासलं! चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही!"

"मी तं दुकानातली मशीन लावली होती," देवानंद म्हणाला. "माह्यं सगळ्यात चांगलं."

"मशीन लावून कोणीबी घासते. हातानं घासून दाखव."

मग शेतकऱ्यांनी मध्ये पडून निवाडा केला. घासण्यात पहिली ताई, दुसरा देवानंद, आणि तिसरा क्रमांक देण्यालायक कोणी नाही.

लोक हसत होते. मैत्री खुर्चीवर बसून होती, दोन्ही हातांनी डोके धरून. मी जवळ गेलो. "संपलं, बाबा," ती हळूच म्हणाली. "मी आता सामान बांधायले घेते."

मॅडमनी वही उघडून पेन काढले होते. त्या काहीतरी लिहिणार होत्या आणि ते लिहिल्यावर सोमवार येणार होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी वाक्य तपासले नाही.

"मॅडम," मी म्हणालो. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच नवीन होते. "लिहिण्याआधी ऐका. हा गुंड लाखनीहून भंडाऱ्याला आला. इथून कोंढ्याला गेला. कोंढ्याहून लाखनी, लाखनीहून पुन्हा भंडारा. जिल्ह्याची वाटणी झाल्यापासून या जिल्ह्यात एवढं पर्यटन कोणी माणसानं केलेलं नाही. अन् पहिली वेळ सोडली तर दरवेळी त्याच्यामुळे खरेदी वाचली, हे खरं आहे. पण आता माझ्या मुलीनं ते सगळं वाचता येईल असं करून ठेवलंय. वाघ पाहून माणूस पुढे जातो. इथून एक तरी माणूस गेला का?"

मॅडमनी मागे वळून पाहिले. खरोखरच कोणी गेले नव्हते. उलट दोन्ही दालनांतले वाघ एकटे पडले होते आणि धबधबा कोणी पाहत नसताना कोसळत होता.

त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि डब्यासाठी हात पुढे केला. "ती मागची परात जरा मोठी करता येईल?"

परातीवर दोन थर निघाले. लोट्यावर तीन. मग रांगच लागली. प्रत्येकाला आपल्या हाताने एक भांडे मोठे करून वाचायचे होते. जो आत असे तो मोठ्याने वाची आणि बाहेरचे साथ देत. 'सुमित्रा हिस आईकडून.' 'सुमित्राताईस राखीनिमित्त.' 'सौ. सुमित्रा व यशवंत यांना.' दोन वर्षे माझ्या घरात ते नाव कोणी उच्चारले नव्हते. मैत्री मला त्रास होईल म्हणून टाळायची, मी तिला होईल म्हणून. त्या दुपारी अनोळखी माणसे ते नाव रांगेत उभी राहून, खणखणीत आवाजात वाचत होती, आणि मी कूलरच्या मागे उभा राहून ऐकत होतो. (डोळ्यांत पाणी आले ते पावडरमुळे, असे मी ताईला सांगितले. तिने ते मान्य केले नाही, पण पदर दिला.)

संध्याकाळी निकाल लागला. मैत्रीचे नाव पुकारले तेव्हा देवानंद एवढ्या जोराने ओरडला की माईकची गरज राहिली नाही. ताई मंचासमोर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "तो गुंड पायला ना? तिसरं नाव माह्यं आहे!" देवानंद म्हणाला, "पहिलं अन् चवथं माह्यं!" सकाळी जे लपवायला तिघेही धडपडत होतो, त्याची संध्याकाळी आपसात वाटणी चालली होती.

मैत्री माझ्याजवळ आली. "बाबा, राहू ना मी?"

"राहा," मी म्हणालो. एवढेच. पण ताबडतोब म्हणालो.

केंद्र सुरू झाले आहे. लोक लांबून येतात आणि घरची भांडी घेऊन येतात. खाली काय निघते ते पाहून कधी हसत जातात, कधी एकमेकांशी न बोलता जातात, पण जाताना नवे भांडे मागवून जातात. कारागिरांना फुरसत नाही. फक्त एक तक्रार पहिल्यापासून होती, ताईचीच. दुकान आहे, पण दुकानात माणूस नाही. म्हणून मैत्रीने ठरवले की एका खऱ्या माणसाचे फोटो काढून त्याला गादीवर बसवायचे. फोटो काढताना अर्धा तास न हलता, न बोलता बसावे लागते. देवानंद दहा सेकंद टिकला. ताई बसली, पण तोंड बंद राहीना, त्यामुळे कॉम्प्युटरने तिला तीन तोंडे दिली. मी बसलो आणि पहिल्याच फटक्यात उत्तम उतरलो. मैत्री म्हणाली, एवढा स्थिर माणूस तिने उभ्या नोकरीत पाहिलेला नाही.

तेव्हापासून त्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मी बसलेलो असतो. लोक डबा काढून जाताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहितात. मागच्या आठवड्यात नागपूरच्या एका बाईंनी लिहिले, 'नदी, किल्ला, भांडी सगळे अगदी खरे वाटते. फक्त दुकानातला माणूस खोटा वाटतो. काही विचारले तरी नुसता पाहत राहतो. इतका गप्प माणूस कुठे असतो का? कृपया त्याची दुरुस्ती करावी.'

त्याखाली मैत्रीने उत्तर लिहिले आहे, 'क्षमस्व. आईने एकतीस वर्षे प्रयत्न केला होता. यापेक्षा जास्त दुरुस्ती होत नाही.'